तो मासा आता त्याचा

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात मायामीहून पश्चिमेकडे एव्हरग्लेड्सची दलदल ओलांडून जाणारा टॅमियामी ट्रेल नावाचा एक जुना रस्ता आहे. 1928 मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. दलदलीत भराव घालायला माती आणायची कुठून, म्हणून रस्त्याच्या कडेचीच जमीन खणली गेली, आणि त्या खणलेल्या पट्ट्यात पाणी साठून मैलोन्‌मैल लांबीचा कालवा तयार झाला. सुटीच्या दिवशी त्या कालव्याच्या काठाने घडीच्या खुर्च्या, प्लास्टिकच्या बादल्या आणि गळाच्या काठ्या घेऊन माणसे बसलेली असतात, आणि गेली काही वर्षे त्या माणसांत मीही एक असतो. वर्षाचे 17 डॉलर भरून मिळणारा गोड्या पाण्यातील मासेमारीचा परवाना खिशात असतो. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी, औदुंबरपासून फार लांब नसलेल्या एका गावात वाढलेल्या माणसाला मासे धरायला परवाना लागतो, ही गोष्ट पचायलाच मला एक वर्ष लागले.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका संध्याकाळी माझ्या गळाला एक बरा बास लागला. मोठ्या तोंडाचा हा मासा चिवट असतो, पाण्याबाहेर उड्या मारतो, आणि तो दमेपर्यंत रीळ हळूहळू गुंडाळण्यातच सगळी गंमत असते. मासा काठापासून दहा-बारा हातांवर आला असताना ओढ अचानक बदलली. आत्तापर्यंत हिसके देणारी दोरी ओले पोते अडकल्यासारखी जड झाली आणि सावकाश पलीकडच्या लव्हाळ्याकडे सरकू लागली. मग पाण्यावर आधी नाकपुड्यांचे दोन उंचवटे दिसले, त्यांच्यामागे डोळ्यांचे दोन, आणि मधल्या अंतरावरून कळले की जनावर सात-आठ फुटांच्या आत नाही. शेजारी नातीला घेऊन बसलेले एक वयस्कर क्युबन गृहस्थ उठले, त्यांनी खिशातून कात्री काढून मला काही न विचारता माझी दोरी कापली, आणि मोडक्या इंग्रजीत एवढेच म्हणाले की सोड, तो मासा आता त्याचा. नंतर त्यांनी माझ्या पायाशी बोट दाखवले. आधी मिळालेले दोन मासे मी कल्ल्यातून दोरी ओवून काठाशी पाण्यात सोडून ठेवले होते, कारण लहानपणी आम्ही नदीवर तसेच ठेवत असू. ॲलिगेटर, म्हणजे आपल्या मगरीचा इथला भाऊबंद, माझ्या बासच्या धडपडीने आला असेल किंवा त्या ओवलेल्या माशांच्या वासाने, पण त्याला आमंत्रण मीच दिले होते, हे त्यांनी एक शब्दही न बोलता मला समजावले.

त्यानंतर मी इथल्या माणसांसारखा वागायला शिकलो. मासा लागला की लगेच बर्फाच्या खोक्यात टाकायचा, पाण्यात ओवून ठेवायचा नाही. मासे काठावर साफ करायचे नाहीत आणि आतडी पाण्यात फेकायची नाहीत. काठाच्या अगदी कडेला उभे राहायचे नाही, अंधार पडू लागला की सामान आवरायचे, आणि गळाच्या मागे ॲलिगेटर येऊ लागला तर तिथेच हट्टाने न बसता शंभर पावले पुढे जायचे. यातले बरेचसे नियम बोटी उतरवण्याच्या जागी पाट्यांवर लिहिलेले असतात आणि त्यातला ॲलिगेटरला खायला घालू नये हा तर कायदाच आहे; तो मोडणे हा फ्लोरिडात गुन्हा आहे. त्यामागचे कारण सरळ आहे. हा प्राणी स्वभावतः माणसाला बिचकतो, पण दोन-चार वेळा माणसाकडून आयते मिळाले की त्याच्या डोक्यात माणूस आणि अन्न यांची सांगड बसते, आणि ती एकदा बसली की सुटत नाही.

फ्लोरिडात सुमारे 13 लाख ॲलिगेटर आहेत आणि राज्यातल्या 67 पैकी प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ते आढळतात. माणसे दोन कोटींहून जास्त आहेत. तळी, कालवे, गोल्फची मैदाने, शाळेमागचा ओढा, कुठेही तो दिसू शकतो. 1967 मध्ये हाच प्राणी नामशेष होण्याच्या यादीत होता, कारण त्याच्या कातड्यासाठी त्याची बेसुमार कत्तल झाली होती. पुढे संरक्षण मिळाले आणि 1987 मध्ये तो त्या संकटातून पूर्णपणे बाहेर आल्याचे जाहीर झाले. 1948 पासून 2022 पर्यंत राज्याने चिथावणीशिवाय झालेल्या 453 चाव्यांची नोंद केली आहे, त्यांपैकी 26 प्राणघातक होते. पंचाहत्तर वर्षांत 26 हा आकडा कमी की जास्त, हे ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला विचारू नये, पण एवढ्या दाटीत तो एवढाच राहिला आहे याला काही कारणे आहेत, आणि आपल्याकडच्या वादात मला तीच महत्त्वाची वाटतात.

आपल्याकडचा वाद म्हणजे कृष्णेच्या मगरींचा. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, डिग्रज या पट्ट्यात मगरींचे दर्शन आता रोजचे झाले आहे, हल्ले झाले आहेत, मुले गेली आहेत. चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव नदीतल्या मगरी पावसाळ्यात रस्त्यावर येतात; 2024 च्या पावसात तिथल्या रस्त्यावरून सावकाश चालत निघालेल्या मगरीची चित्रफीत मला एका दिवसात सात जणांनी पाठवली, जणू ॲलिगेटरच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचा त्यावर काही अधिकार आहे. अशा प्रत्येक घटनेनंतर एक बाजू म्हणते की मगरी पकडून धरणाच्या जलाशयात नेऊन सोडा, आणि दुसरी बाजू म्हणते की नदी मगरीची आहे, माणूस नंतर आला. पहिली बाजू सभेत बोलते, दुसरी बहुधा शहरातून लिहिते. दुसऱ्या बाजूच्या हळहळीला माझ्या चुलतभावाने एकदा फोनवर नक्राश्रू म्हटले. ते थोडे अन्यायाचे होते, पण मी त्याला टोकले नाही.

मगरी हलवण्याचा उपाय इथे करत नाहीत, हे गावाकडे सांगितले की लोकांना खरे वाटत नाही. दुसरीकडे नेऊन सोडलेला मोठा ॲलिगेटर बहुतेक वेळा आपल्या जुन्या जागेकडे परत निघतो, वाटेत रस्ते ओलांडतो, आणि नव्या जागी राहिला तरी तिथल्या ॲलिगेटरशी मारामारी करतो. म्हणून चार फुटांहून मोठा आणि माणसाला, पाळीव जनावराला किंवा मालमत्तेला धोका ठरणारा ॲलिगेटर दिसला की लोक राज्याच्या वन्यजीव खात्याच्या ठरलेल्या क्रमांकावर फोन करतात, खाते एका कंत्राटी पकडणाऱ्याला पाठवते, आणि पकडलेला ॲलिगेटर सहसा मारला जातो. त्याचे कातडे आणि मांस विकून त्या माणसाला मुख्यतः मोबदला मिळतो. हलवण्याने काय होते हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरजही नाही. जुन्नरच्या उसातले बिबटे 2000 नंतरच्या काही वर्षांत पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले, आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसले की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, आणि जिथे सोडले त्या भागांतही होऊ लागले. हा धडा आपल्याच पुणे जिल्ह्यातला आहे, तरी प्रत्येक हल्ल्यानंतर तीच मागणी नव्याने होते.

मारण्याची पद्धत मात्र मी गावाकडे सुचवणार नाही, आणि त्याचे कारण केवळ कायदा नाही. आपली मगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तिच्या कातड्याचा व्यापार होऊ शकत नाही, त्यामुळे इथली व्यवस्था ज्या पैशावर चालते तो पैसाच तिथे नाही. पण त्याहून मोठे कारण मी माझ्याच वसाहतीत पाहिले. आमच्या घरांच्या मधोमध एक तळे आहे. त्यात सहा फुटी ॲलिगेटर दोन वर्षे राहत होता आणि कुणाच्या वाटेला जात नव्हता. मग एका शेजाऱ्याने त्याला पावाचे तुकडे टाकायला सुरुवात केली. पाटी होती, कायदा होता, समितीचे पत्रही गेले, पण दंड कुणी केला नाही. दोन महिन्यांत तो ॲलिगेटर माणसाची चाहूल लागली की पळण्याऐवजी काठाकडे येऊ लागला. तक्रार झाली, पकडणारा आला, त्याने लांबून गळ टाकून त्याला ओढले, तोंडाला काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि गाडीच्या मागच्या हौद्यात टाकले. आमच्या मुलीने विचारले की आता त्याला कुठे नेणार, आणि त्या माणसाने खोटे न बोलता सांगितले. ज्याने पाव टाकला तो अजून तिथेच राहतो. फोन करून जनावर उचलून नेण्याची सोय असली की माणसाने आपली सवय बदलण्याची निकड संपते, असे मला तेव्हापासून वाटते.

आपल्याकडे पाव टाकत नाहीत, पण कोंबडीच्या दुकानांतला टाकाऊ माल पोत्यांतून पुलावरून नदीत जातो, मेलेली जनावरे जातात, आणि मग त्या पुलाखालच्या डोहात मगरी जमतात याचे सर्वांना आश्चर्य वाटते. या एका गोष्टीवर फ्लोरिडातला नियम जशाच्या तशा स्वरूपात आपल्याकडे लागू करण्यासारखा आहे, आणि त्याला ना कातड्याचा बाजार लागतो ना परदेशी तज्ज्ञ. ग्रामपंचायतीने पुलावर माणूस उभा केला तरी पुरे.

तुलना मात्र इथेच थांबते, आणि ती इथे थांबते हेच परदेशातून सल्ले पाठवणाऱ्या आम्हा लोकांच्या लक्षात येत नाही. एक तर जनावर निराळे. आपली मगर ॲलिगेटरपेक्षा माणसावर जास्त वेळा हल्ला करते. ॲलिगेटरची मादी पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते, आपली मगर उन्हाळ्याच्या तोंडी काठाच्या मातीत खड्डा करून घालते, आणि कृष्णेचे नेमके तेच काठ वाळूसाठी आणि वीटभट्टीच्या मातीसाठी खरवडले गेले आहेत. उन्हाळ्यात पात्र आटले की मगरी आणि माणसे त्याच चार डोहांवर येतात. पण जनावराहूनही माणसाचे पाण्याशी असलेले नाते निराळे आहे. मी कालव्यावर जातो तो हौसेने. ॲलिगेटर दिसला की मी चार पावले मागे सरकतो, त्या दिवशी मासे मिळाले नाहीत तर वाटेत दुकानातून आणतो. काठापासून अंतर राखा हा सल्ला मला फुकटात पाळता येतो. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जाळे लावणाऱ्या भोयाला तो पाळायचा तर त्या दिवसाची कमाई सोडावी लागते. घाटावर धुणे धुणाऱ्या बाईला, म्हैस पाण्यात घालणाऱ्या पोराला, औदुंबरला दत्ताच्या दर्शनाआधी नदीत बुडी मारणाऱ्या भाविकाला मागे सरका म्हणणे सोपे आहे. सरकून जायचे कुठे, ते कुणी सांगत नाही.

माझ्या चुलतभावाचा ऊस कृष्णेच्या पाण्यावर आहे. शेतीची वीज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाला बसवलेला फूट व्हॉल्व्ह, ज्याला गावात सगळे फुटबॉल म्हणतात, त्यात गवत आणि प्लास्टिक अडकले की मोटार पाणी उचलत नाही, आणि तो काढायला पाण्यात उतरावे लागते. रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात तो उतरतो. मी त्याला एकदा मोठ्या आवेशाने इथल्या फोन क्रमांकाची, पाट्यांची, चार फुटांच्या नियमाची हकिकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "अण्णा, तुमच्याकडं मगर दिसली की माणूस घरात जातोय. आमच्याकडं मगर दिसली की मोटार बंद पडलेली असती."

म्हणून मला वाटते की कृष्णाकाठचा वाद मगर हलवायची की ठेवायची यावर चालला आहे तोवर तो फिरून फिरून तिथेच येणार. माणसाला पाण्यात उतरावे लागण्याची कारणे कमी करणे हा खरा खर्चाचा मुद्दा आहे: घाटाला भक्कम जाळीचे कुंपण घालून आतल्या बाजूला धुण्याची आणि स्नानाची जागा, जनावरांसाठी काठावर पाण्याचे हौद, नदीवरच्या मोटारींना दिवसाची वीज. यातले कोणतेच काम चित्रफितीत दिसण्यासारखे नाही. हल्ला झाल्यावर भरपाई जाहीर करायला एक दिवस लागतो, दिवसाची वीज द्यायला एक उपकेंद्र लागते. बडोद्यात विश्वामित्रीच्या मगरी पुरात घरादारांत येतात तेव्हा स्वयंसेवक आणि वनखात्याची माणसे त्या पकडून पुन्हा पाण्यात सोडतात; तशी हाताला सराव असलेली टोळी सांगलीत आणि चिपळुणातही हवी, पण पूर ओसरल्यावर उरलेले दहा महिने नदीवर जाणाऱ्याचे काय, याचे उत्तर त्या टोळीकडे असणार नाही.

गेल्या महिन्यात चुलतभावाने मोटारीला मोबाइलवरून चालणारा स्टार्टर बसवला. आता रात्री लाइट आली की तो अंथरुणातूनच मोटार चालू करतो, आणि वहिनीने मला मुद्दाम फोन करून ते सांगितले. फुटबॉल मात्र अजून हातानेच साफ करावा लागतो.