14 ग्रॅम मटणाचा हिशोब

सचिननं रात्री साडेअकराला ग्रुपवर ईट-लॅन्सेटचं ते ताट टाकलं, म्हणजे माणसाची आणि पृथ्वीची दोघांची तब्येत राखायला रोज काय किती खावं, याचा शास्त्रज्ञांनी केलेला तक्ता, आणि खाली लिहिलं, "मित्रांनो, विचार करा." विचार कुणीच केला नाही. पण सात रस्ता चौकातल्या चहाच्या कट्ट्यावर सकाळी सगळे वेळेत हजर. सचिनला धुवायची संधी आमच्यात कुणी सोडत नाही.

"2019 सालचं आहे ते," सुलभा म्हणाली. "तुझ्यापर्यंत आत्ता पोचलं होय?"

सुलभा लॅबमध्ये रक्त काढते. निम्म्या सोलापूरची साखर तिला तोंडपाठ आहे, त्यामुळे तिच्यापुढं कुणी फार फुशारक्या मारत नाही. सचिन सोडून.

"प्लॅनेटरी डाएट आहे हे, प्लॅनेटरी," सचिननं मनगटावरचं घड्याळ वर करून पावलं बघितली. कट्ट्यावर बसून ती वाढलेली नव्हती. "पृथ्वी पण वाचते आणि वजन पण उतरतं. माझी सगळी जर्नी याच्यावरच आहे."

दत्ताचं लक्ष एकाच ओळीवर. "दिवसाला तांबडं मांस 14 ग्रॅम? अरे, एवढं तर जेवल्यावर माझ्या दातात असतं!"

सचिन अभ्यास करून आला होता, हे मान्य करायला हवं. अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांत मांसाहारींचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 28.8, आणि दूधसुद्धा न घेणाऱ्यांचा 23.6. आकडे त्यानं असे सांगितले, की जणू मापं यानंच घेतली.

"त्यांच्यात बहुतेक जण दारू-सिगारेटलाही शिवत नाहीत," सुलभा म्हणाली. "ते कशात मोजलंस?"

तेवढ्यात बाप्पांनी घसा खाकरला. बाप्पा माळकरी. तीन पिढ्यांची वारी, कांदा-लसूणसुद्धा एकादशी बघून. वजन 94. "सचिन, मी जन्मात अंडं फोडलेलं नाही. मग माझं पोट कुणाचं रे?"

"साबुदाण्याचं," सुलभा म्हणाली. "साबुदाणा वनस्पती, बटाटा वनस्पती, मैदा वनस्पती, पामतेल वनस्पती. आणि साखर? ऊसही झाडच की! बाप्पा, तुमच्याइतकं प्लांट-बेस्ड अख्ख्या जिल्ह्यात कुणी नसेल."

बाप्पांचा चहा नाकात गेला.

मग तिनं जरा नीट सांगितलं. अमेरिकेतच नर्सा आणि आरोग्यक्षेत्रातल्या इतर लोकांना वर्षानुवर्षं दर चार वर्षांनी खाणंपिणं विचारून वजनं तपासलीत. डाळी-कडधान्यं, भाज्या, फळं, अखंड धान्यं वाढवणाऱ्यांचं वजन सावकाश वाढलं. मैदा, गोडधोड, गोड सरबतं वाढवणाऱ्यांचं जास्त वाढलं. दोघंही मांसाहार कमीच करत होते, पण ताटात त्याच्या जागी काय आलं यावर सगळं ठरलं.

इथं मी तोंड घातलं. म्हटलं, आपलं जुनंच बरं होतं. मालदांडीची भाकरी, शेंगाचटणी, माडगं. माझी आजी शेवटपर्यंत काठीसारखी ताठ.

"तुझी आजी 1972 ला दुष्काळी कामावर खडी फोडत होती," सुलभा म्हणाली. "सुकडी खाऊन. त्याला डाएट म्हणत नाहीत, उपासमार म्हणतात. तू खडी फोड, मग भाकरीला श्रेय दे."

यावर मी काय बोलणार? ती पुढं म्हणाली की आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2025 ला छापून आलेल्या देशभरच्या पाहणीत आपल्या कॅलरींपैकी 62 टक्के कर्बोदकांतून निघाल्या. त्यात मैदा काढून तेवढंच ज्वारीचं पीठ घातलं, तर मधुमेहाचा धोका काही हटलेला दिसला नाही. पीठच कमी करून त्या जागी डाळी, दूध, अंडी, मासे असं प्रथिन आलं, तर फरक. "म्हणजे चार भाकऱ्या आणि वर पाण्यासारखी आमटी, हा तुमचा थाट आहे ना, तो उलटा करा. भाकरी तोंडी लावायला, उसळ पोटभर."

"माझं वजन तरी नॉर्मलच आहे," सचिन म्हणाला. त्याला आता कुठंतरी जिंकायचं होतं.

"पुण्याच्या केईएमचे डॉक्टर याज्ञिक माहितीयत? 2004 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातच त्यांचा फोटो आला होता. शेजारी लंडनचे युडकिन. दोघांचा बीएमआय 22.3. अंगातली चरबी युडकिनची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. काटा सारखाच, माल वेगळा. उद्या ये लॅबवर, टेप लावून कंबर मोजते."

सचिननं बसल्या जागी पोट आत घेतलं. सगळ्यांनी बघितलं.

"आणि पृथ्वीचं काय?" तो म्हणाला.

"पृथ्वीचं आपल्या जिल्ह्यात बघ. ज्वारीच्या रानात ऊस उभा. उजनीचं पाणी पितो ऊस आणि त्याची साखर जाते बाप्पांच्या चहात. तुझं ते ओटचं दूध कुठून येतं?"

बाटलीवर बारीक अक्षरात काहीतरी परदेशी होतं. सचिननं ती पिशवीत सरकवली. दत्तानं लगेच जुनी जखम उकरली. सचिनच्या वास्तुशांतीला मटण सांगून फणसाची बिर्याणी वाढली होती. "पाचशे एकचं पाकीट दिलं होतं मी. फणसाचे पन्नास कापून बाकीचे परत दे."

"फणसानं कार्बन वाचला!" सचिन म्हणाला, आणि हे तो मनापासून म्हणाला, हेच त्याचं दुखणं.

"तुझ्या त्या ताटात दिवसाला 25 ग्रॅम शेंगदाणे पण आहेत," मी म्हटलं. शेंगाचटणीचा तेवढा तरी मान राहावा.

"त्यावर तेल किती ओतता ते नाही लिहिलेलं," सुलभा.

दत्ता मघापासून बोटांवर काहीतरी मोजत होता. "सचिन, एक शंका आहे. हे 14 ग्रॅम रोज खाल्ले नाहीत, तर पुढं ओढता येतात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे श्रावण, मार्गशीर्ष, सगळे सोमवार-गुरुवार, चतुर्थ्या असं साठवत गेलो, तर आषाढ अमावास्येला एकदम किती मिळतील?"

सचिननं खरोखर फोन काढला, कॅल्क्युलेटर उघडला आणि गंभीरपणे म्हणाला, "वर्षाचे 5 किलो 110 ग्रॅम."

"हाडासकट का हाडाविना?" बाप्पांनी विचारलं. माळकरी बाप्पांनी! चहावाल्या मामांनी हसता हसता सगळ्यांच्या चहाला सचिनचंच खातं लावलं.