केळीवाल्याला विषाणू कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

शाळेत शिकलेले विज्ञान समाजाच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या कसे मुरते, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु "केळी पिकवणाऱ्याला विषाणू आणि बुरशी यांतला फरक कळून काय करायचे आहे? शहरात बसून खानदेशाला अडाणी ठरवू नका" ही भाषा मला लागली. ‘अडाणी’ हा शब्द माझ्या लेखात कोठेही नाही. तो आपण आणला आहे.

एक गोष्ट मान्य करतो. लेखात मी ज्याचा उल्लेख केला, ती दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांती वगळली ती एनसीईआरटीने, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तक संस्थेने. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकता व उत्क्रांतीचा धडा आहे. लेखात हा भेद अधिक ठळक हवा होता.

आता शहराविषयी. माझे बालपण रावेर तालुक्यात केळीच्या बागेत गेले आहे. माझे वडील जुन्या अकरावीचे मॅट्रिक. रोग म्हणजे जंतू आणि जंतूवर औषध, एवढे विज्ञान त्यांनी शाळेतून आणले होते. बागेत हरण्या हा केळीचा रोग आला, पानांवर पिवळे पट्टे उमटले, की ते बुरशीनाशक फवारत. हा रोग विषाणूचा; मावा ही बारीक कीड तो पसरवते, आणि लागण झालेले झाड कोणत्याही फवारणीने बरे होत नाही, ते उपटून नष्टच करावे लागते. उभे झाड उपटायला वडिलांचा हात धजत नसे, आणि रोग पुढच्या ओळीत सरकत असे. मला तोवर विषाणूची व्याख्या तोंडपाठ होती, तिचे गुणही मिळाले होते. पण ती व्याख्या बागेतल्या त्या पानाशी जोडणारा एकही प्रश्न मला कोणत्याही परीक्षेत आला नव्हता. दोन पिढ्या, दोन अभ्यासक्रम, आणि पंपात तेच औषध. फरक कळून काय करायचे, याचे उत्तर हे आहे.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शाळेची पहिली दहा वर्षे विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे, असे सुचवले. पुढे शेती करणारा मुलगाही त्या ‘सर्वां’तच येतो.

प्रयोगशाळा नाहीत, मुले मोबाइलवरूनच शिकतात, या आपल्या बाकीच्या मुद्द्यांत मला फारसा दम वाटत नाही. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात होशंगाबादच्या (आताचे नर्मदापुरम) सरकारी शाळांत १९७२ ते २००२ या काळात साध्या साहित्यावर प्रयोग करून विज्ञान शिकवले गेले, आणि परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभाही होती. आपण स्वतः शिक्षक होता, असे अभिमानाने लिहिले आहे. तर वर्गात रोगट पान मुलांच्या हातात देऊन आपण कधी प्रश्न विचारला होता का, तेवढे कळवावे.