दसऱ्याला घोड्याला पोटभर पुरणपोळी? नका घालू, हात जोडून सांगतो

दसरा जवळ आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा मला चार ग्रुपवरून आला, त्यातले दोन तर घोडेवाल्यांचेच ग्रुप, म्हणून म्हटलं आता लिहावंच. मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो: दसऱ्याला घोड्याची पूजा करून त्याला पोटभर पुरणपोळी, गूळ आणि हरभरा घाला, वर्षभर ताकद टिकते आणि रक्त वाढतं, पोळ्याला बैल खातो तर घोड्याला काय धाड भरते, जनावराला नको असेल ते तो तोंडात घेत नाही, एका दिवसानं काही बिघडत नाही, आपले पूर्वज घालायचेच, आणि चुकून पोट दुखलंच तर तेल पाजा आणि फिरवा, उतरतं. खाली हार घातलेल्या घोड्याचा फोटो.

माझ्याकडे दोन घोड्या आहेत, एक लग्नसराईत वरातीला जाते, दुसरी म्हातारी, नुसती दारात असते. पूजा मी पण करतो, आणि माझ्या घरात पण पुरणपोळी घातली जायची, तीन वर्षांपूर्वीपर्यंत. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी बैलाचं. बैल रवंथ करतो, घोडा करत नाही, सगळा फरक इथूनच सुरू होतो. बैलाच्या पोटाचा पहिलाच कप्पा शंभर लिटरच्या पुढचा असतो, खाल्लेलं तिथे आंबतं, परत तोंडात येतं, ढेकर येऊन गॅस निघून जातो. घोड्याचं जठर 8 ते 15 लिटरचं, म्हणजे पाण्याच्या बादलीएवढं, एवढ्या मोठ्या जनावराला एवढंसं पोट. आणि घोड्याला उलटी होत नाही, अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येतच नाही. पोट फुगलं तर वरच्या बाजूनं सुटकाच नाही, फुगत फुगत जठर फाटू शकतं. बैलाला तरी हे सगळं पचतं असं कुठंय, पोळ्याला जास्त पुरणपोळ्या आणि धान्य घातलं की बैलाच्या पोटात पण आम्ल होतं आणि तो बसतो, जनावरांच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. म्हणजे ज्या बैलाचा दाखला देताय त्यालाच ते सोसत नाही.

आता नेमकं होतं काय ते बघा, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. घोड्याचा चारा पचतो तो मागच्या मोठ्या आतड्यात, तिथे कोट्यवधी जिवाणू असतात, त्यांना गवताची सवय असते. पीठ, डाळ, दाणा यातला स्टार्च पुढच्या लहान आतड्यात पचायला हवा, पण त्याची एक मर्यादा आहे: एका वेळेला वजनाच्या किलोमागे साधारण 1 ग्रॅम स्टार्च धरतात. आपल्याकडची घोडी समजा 350 किलोची, म्हणजे एका वेळेला 350 ग्रॅम. एक डझन पोळ्या म्हणजे किलोच्या वरचा माल, त्यात निम्म्याहून जास्त पीठ, डाळ आणि गूळ, शिवाय वर भिजवलेला हरभरा. जे पुढे पचलं नाही ते मागे जातं, तिथे भराभर आंबतं, आम्ल वाढतं, गवत पचवणारे जिवाणू मरतात आणि त्यांचं विष रक्तात उतरतं. एक तर पोटशूळ उठतो नाहीतर लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराच्या आत हाड धरून ठेवणारा थर सुजतो आणि सुटायला लागतो. आणि हा लॅमिनायटिस लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी दिसतो. म्हणून लोकांना वाटतं पोळीनं काही झालं नाही, दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी घोडं लंगडलं की नालबंदाला दोष देतात.

‘एका दिवसानं काही बिघडत नाही’ हे म्हणूनच सगळ्यात चुकीचं वाक्य आहे. घोड्याला एकच दिवस भारी पडतो. नवीन खाद्य द्यायचं तर आठ-दहा दिवस थोडं थोडं वाढवत नेतात. शिवाय दसऱ्याला अजून एक होतं, ते कुणी बोलत नाही. त्या दिवशी घोड्याला काम नसतं, दिवसभर सजवून उभं, दाणा मात्र रोजच्यापेक्षा जास्त, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट मिरवणुकीला नाहीतर टांग्याला. असं घोडं थोडं चालून मध्येच आखडतं, मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात, घाम सुटतो, मूत कॉफीच्या रंगाचं येतं. जुनी घोडेवाली माणसं सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करायची ती याचसाठी. सुट्टी असेल तर दाणा कमी आणि गवत जास्त, आपण सणाला बरोबर उलटं करतो.

तीन वर्षांपूर्वी माझी वरातीची घोडी अशीच आडवी झाली. पूजा होईपर्यंत खायला द्यायचं नाही म्हणून सकाळपासून उपाशी (हे पण चूक, घोड्याच्या जठरात आम्ल सतत सुटत असतं, चघळायला काही नसलं की ते आतून भाजतं), मग दुपारी घरातल्या आणि शेजारपाजारच्या सगळ्यांनी एकेक पोळी भरवली. एकेक म्हणता म्हणता किती झाल्या कुणी मोजल्याच नाहीत. रात्री साडेदहाला ती पुढच्या पायानं जमीन उकरत होती, सारखी मान वळवून कुशीकडे बघायची, वरचा ओठ मुडपायची. मी कुशीला कान लावला. रोज तिथे गुडगुड चालू असते, त्या रात्री काहीच ऐकू येईना, नुसता तिचा श्वास. लीद नाही. जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजली, एरवी मिनिटाला 28 ते 44 असते, तिची 68 लागली. डॉक्टर एकला आले, नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं, इंजेक्शन दिलं. ती वाचली. पहाटे पाचला तिनं लीद टाकली तेव्हा माझी आई रडली, कारण सगळ्यात जास्त पोळ्या तिनंच भरवल्या होत्या, प्रेमानं.

म्हणून ‘नको असेल ते खात नाही’ हे मला पटत नाही. तिनं शेवटची पोळी पण मागून घेतली होती. गोड घोड्याला आवडतं, आणि पोट भरलं म्हणून घोडं थांबत नाही, त्याचा जन्मच दिवसभर थोडं थोडं खात राहायला झालाय. आणि नुसत्या गोडाचं नाही, कण्हेर बघा. दसऱ्याच्या हारात कण्हेरीची फुलं-पानं सर्रास असतात, तो हार गळ्यात, तोंडापासून वीतभर. कण्हेर घोड्याला विष आहे, थोडी पानं पण हृदय बंद पाडायला पुरतात, वाळलेली सुद्धा, आणि पिवळी बिट्टी पण तशीच. मी आता हार घालायच्या आधी सगळा उलगडून बघतो, कण्हेर आणि तार काढून टाकतो, आरती झाली की हार लगेच उतरवतो. बाकी काही नाही केलं तरी एवढं करा.

ताकद आणि रक्ताचं. गुळातली साखर दोन-चार तासांची, ती वर्षभर कुठे साठवणार, साठते ती चरबी होऊन मानेवर. लोह चाऱ्यातूनच घोड्याला हवं तेवढं मिळतं, गुळाची गरज नाही. ताकद पाहिजे तर रोज वजनाच्या निदान दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे 350 किलोच्या घोडीला सव्वापाच किलो, त्याच्यापेक्षा जास्तच द्या, मिठाचा खडा, भरपूर स्वच्छ पाणी आणि रोजचं काम.

पूर्वज घालायचे, हो, घालत असतील, गूळ-तूप, मसाल्याचे गोळे. पण ती घोडी दिवसाला कितीतरी कोस तुडवायची, चढ-उतार तुडवायची, आणि त्यांचा मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस, दिवसभर त्यांच्याजवळ असायचा, लीद बघून दाणा ठरवायचा. आपली घोडी सहा-सात महिने खुंट्याला. खाणं त्यांचं घ्यायचं तर काम पण त्यांचंच द्यायला लागेल.

आणि तेल पाजायचं वाचून तर अंगावर काटा आला. बाटलीनं तोंडातून तेल ओतलं की ते फुप्फुसात जाऊ शकतं, मग पोटशूळ राहतो बाजूला आणि घोडं न्यूमोनियानं जातं. तेल द्यायचं तर डॉक्टर नळीनं देतात. तुम्ही काय करायचं, तर पुढ्यातलं सगळं खाणं उचला, फोन करा, नाडी मोजून ठेवा. लोळायला लागलं तर हळूहळू चालवा, दमेपर्यंत पळवू नका. नाडी 60 च्या वर असेल तर सकाळची वाट बघू नका. आणि पुढचे तीन दिवस खुरांवर हात ठेवून बघा, गरम लागतात का, घोडं टाचांवर भार टाकून मागे रेलून उभं राहतं का.

मग सणाला काहीच द्यायचं नाही का? द्या की. माझ्याकडे आता वरातीच्या घोडीला सुपारीएवढा गुळाचा खडा, तो पूजेच्या वेळी, आणि गाजरं दोन-तीन, उभी चिरून, गोल चकत्या करून नाही कारण त्या घशात अडकतात. म्हातारीला लॅमिनायटिस होऊन गेलाय, तिला गूळ नाही आणि गाजर पण नाही, तिला पाण्यात भिजवून निथळलेलं वाळलं गवत. सकाळपासून दोघींच्या पुढ्यात गवत असतंच, पूजेच्या आधी पण. पुरणपोळीचा नैवेद्य आई ताटात घेऊन येते, घोडीला ओवाळते, ताट तिच्या नाकाजवळ धरते, आणि मग ती पोळी पोरं खातात. पहिल्या वर्षी आईला जड गेलं. आता तीच पाहुण्यांच्या हातातली पोळी काढून घेते आणि त्यांच्या हातात खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश, देते, करा म्हणते पाच मिनिटं, घोडीला हे जास्त आवडतं.