ताडपत्रीखालच्या डाळगिरणीबद्दल

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. गावात मिनी डाळमिल टाकण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की असलेच लेख वाचून तुमच्या लहान भावाने कर्ज काढून गिरणी घेतली. २०२४ मध्ये दहा हजारांच्या वरच्या भावाने तूर भरली, डाळ विकेपर्यंत बाजार पडला, आणि आता गिरणी ताडपत्रीखाली आहे. अकोला-लातूरच्या मोठ्या मिलांपुढे खेड्यातली डाळ कोण घेतो, असंही विचारलंत. शेवटी लिहिलंत, आधुनिक शेती ही ओलीतवाल्यांची, कोरडवाहूवाल्याने नुसती वाचायची.

आधी माझी चूक मान्य करतो. त्या लेखात गिरणी ताशी क्विंटलभर तूर भरडते असं मी लिहिलं आणि वाळवणाबद्दल एक ओळही लिहिली नाही. यंत्र घेणाऱ्याचं गणित तिथेच फसतं. तुरीचं टरफल डाळीला डिंकासारखं चिकटलेलं असतं, हरभऱ्यासारखं ते सहज सुटत नाही. पहिल्या फेरीत रोलरवर दाण्याला नुसते ओरखडे पाडायचे. मग तेलाचा हात लावून ढीग रात्रभर झाकायचा. दुसऱ्या दिवशी उन्हात पसरायचा, पाणी शिंपडून पुन्हा ढीग, पुन्हा ऊन. त्यानंतर कुठे टरफल सुटतं आणि दाण्याची दोन फाकं होतात. घाई केली की कणी जास्त पडते, डाळीला टरफल राहतं. गिरणीवर जे काम तासा-दीड तासाचं, त्याला अंगण तीन-चार दिवस अडकतं. म्हणजे दिवसाला किती माल निघणार हे मोटार ठरवत नाही, तुमचं खळं किती मोठं आहे ते ठरवतं. आणि पाऊस लागला की सगळंच थांबतं. तूर घरात येते डिसेंबर-जानेवारीत, कडक ऊन मिळतं मेअखेरपर्यंत. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने असतो. हे मी पहिल्याच परिच्छेदात सांगायला हवं होतं. मूळ लेखात आज ते घातलं आहे.

पण तुमच्या भावाचं नुकसान गिरणीने केलं असं मला वाटत नाही. ते तूर विकत घेतल्याने झालं. अख्ख्या तुरीवरचं आयातशुल्क सरकारने २०२३ मध्ये काढलं. म्यानमार, मोझांबिकची तूर येत राहिली, त्यात इथलं नवं पीक आलं. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ७,५५० असताना २०२५ च्या सुरुवातीला कित्येक बाजार समित्यांत तूर त्याच्याही खाली गेली. अशा पडत्या बाजारात माल भरून बसलेला मोठा मिलवालाही पोळतो, मग हप्त्यावर असलेल्या माणसाचं काय होणार? त्यात तुमच्या भावाचा हलगर्जीपणा नव्हता. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला हवं होतं अशांपैकी मीही एक आहे.

आमचीही गिरणी आहे, पण आम्ही तूर विकत घेत नाही. आमचं काम भरडाईचं. माणूस त्याच्या घरची ५० किलो तूर आणतो, आम्ही डाळ करून देतो, किलोमागे भरडाई घेतो. तूर त्याची, भावाची जोखीम आमच्यावर नाही. चुनी (भरडताना पडणारा डाळीचा चुरा) आणि भुसाही आम्ही ज्याचा त्याला परत देतो, आणि दावणीला म्हैस असलेली माणसं लांबून येतात ती त्या चुनीसाठीसुद्धा. आमची आजी हीच डाळ जात्यावर भरडायची, दोन-दोन महिने घरातल्या बायकांचे हात त्यात जायचे. पुढे जाती कोपऱ्यात गेली आणि तूर पिकवणारी घरंच किराणा दुकानातून डाळ आणू लागली. हे गिऱ्हाईक अकोल्याचा मिलवाला तुमच्याकडून हिरावून घेऊ शकत नाही, कारण ५० किलो घेऊन त्याच्या दारात कोणी जात नाही. शहरातल्या दुकानात सॉर्टेक्स केलेल्या, म्हणजे यंत्राने निवडलेल्या, एकसारख्या डाळीशेजारी आपली पिशवी ठेवायला गेलो तर मात्र हरणार, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

अनुदानाबद्दलही लोक फसतात. २०२५-२६ पर्यंतच्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठेवलं होतं, पण ते कर्जाशी बांधलेलं आणि तीन वर्षं बँकेतच अडकून राहणारं. त्या पैशांवर घरखर्चाचा हिशेब करू नये.

आता कोरडवाहूचं. पॉलिहाऊस आणि ठिबकच्या फोटोंनी आधुनिक शेती हा शब्द बिघडवला, हे मलाही खुपतं. आमचीही जमीन कोरडवाहूच. आम्ही जे बदललं त्याला फार खर्च आला नाही. बियाण्याला मर रोगासाठी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, मग नत्रासाठी रायझोबियम हे जिवाणूखत. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे पावसाने ओढ दिली तर ओल टिकते आणि जास्त झाला तर पाणी निघून जातं. मोकळ्या अंतरावर लावलेल्या तुरीचे शेंडे साधारण ४५ दिवसांनी खुडतो, फांद्या वाढतात. हलक्या रानात बदनापूरचा बीडीएन ७११ हा तुरीचा वाण, कारण तो लवकर निघतो आणि शेवटच्या पाण्यावाचून अडत नाही. दाणा एकसारखा भरला की गिरणीवर कणीही कमी पडते. शेत आणि गिरणी यांचा संबंध मला असा दाण्यातून कळत गेला.

तुमच्या भावाने गिरणी इतक्यात विकू नये असं मला मनापासून वाटतं. जुनी म्हणून ती मातीमोल भावाने जाईल आणि कर्ज तसंच राहील. आधी रोलरची एमरी, म्हणजे त्यावरचा खरखरीत थर, घासली आहे का ते बघा, मोटारीत ओल गेली नाही ना ते तपासून घ्या. मग आसपासच्या चार-पाच गावांत तूर किती घरी होते आणि त्यातली किती घरं डाळ विकत आणतात, एवढं विचारून या. आकडा बरा निघाला तर जानेवारीत त्याला आमच्याकडे पाठवा, सोबत घरची १० किलो तूर द्या. चार दिवस मुक्काम करू दे. तेलाच्या हातापासून शेवटच्या फेरीपर्यंत सगळं तो स्वतः करेल, मी शेजारी उभा राहीन.