मन्रो काउंटीची ‘रिकामी’ जागा नेमकी कुठे आहे?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या मन्रो काउंटीबद्दल (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) एक पोस्ट जोरात फिरतेय: ‘क्षेत्रफळ ९,६८१ चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम ८३ हजार. एवढी जागा पडून आहे, तरी नव्या घरांना परवाने मिळत नाहीत, कारण श्रीमंतांना गर्दी नको.’ आकडे बरोबर आहेत. गणित चुकलंय.

‘९,६८१ चौरस किलोमीटर’
यातलं सुमारे ७,१३० पाणी आहे. काउंटीची हद्द समुद्रात आत जाते आणि अमेरिकी जनगणना जमीन व पाणी वेगवेगळ्या रकान्यांत देते. पोस्टवाल्याने बेरजेचा रकाना उचलला. जमीन उरते २,५४६ चौ.कि.मी.

‘एवढी जागा पडून आहे’
त्या जमिनीचा बहुतांश भाग मुख्य भूमीवर आहे, म्हणजे एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान आणि बिग सायप्रसची दलदल. तिथे जवळपास कुणीच राहत नाही. जवळजवळ सगळी माणसं फ्लोरिडा कीज या बेटांवर आहेत, आणि बेटांची जमीन आहे सुमारे ३५६ चौ.कि.मी. आता २०२० ची लोकसंख्या, ८२,८७४, तीन वेळा भागून बघा. एकूण क्षेत्रफळाने दर चौ.कि.मी. ९ माणसं, जमिनीने ३३, बेटांच्या जमिनीने २३३. एकट्या की वेस्ट शहरात हा आकडा अठराशेच्या घरात जातो.

‘परवाने मिळत नाहीत’
मिळतात, पण कोट्याने. १९९२ पासून अर्जांना गुण देऊन वर्षाला ठरावीक परवाने वाटले जातात. यामागे चक्रीवादळाचं घड्याळ आहे: कायमच्या रहिवाशांना साडेचोवीस तासांत (२०२५ पर्यंत २४ तासांत) बाहेर काढता आलं पाहिजे, असं राज्याचा कायदा सांगतो. बाहेर पडायचं कुठून? की वेस्टपासून ११३ मैलांचा ओव्हरसीज हायवे, ४२ पूल, बराचसा जायला एक आणि यायला एक अशा दोनच लेनचा. मुख्य भूमीकडे जायला दोन रस्ते आहेत खरे, पण फाटा फुटतो तो थेट की लार्गोला, म्हणजे पार वरच्या टोकाला. त्याच्या खालच्या सगळ्या बेटांना रस्ता एकच. म्हणून पर्यटकांना आधी हलवतात, मग मोबाइल होमवाल्यांना (म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरांतल्यांना), शेवटी पक्क्या घरांतल्यांना. प्रत्येक नवं घर या रांगेत गाड्यांची भर घालतं. २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ यातल्याच कजो की या बेटावर धडकलं, तेव्हा ते श्रेणी ४ चं होतं. पिण्याचं पाणीसुद्धा मुख्य भूमीवरच्या फ्लोरिडा सिटीजवळच्या विहिरींतून नळाने येतं, तेही शेजारच्या काउंटीतून.

‘श्रीमंतांमुळे’
इथे थोडं तथ्य आहे, फक्त वेगळ्या जागी. २००० मध्ये काउंटीत ५१,६१७ घरं होती आणि राहती कुटुंबं ३५,०८६. बाकीची बरीच घरं सुट्टीपुरती उघडणारी. जनगणना माणसाला तो वर्षातला जास्त काळ जिथे राहतो तिथे मोजते, त्यामुळे हिवाळी पाहुणे या आकड्यात येतच नाहीत. २००० ते २०१० मध्ये लोकसंख्या ७९,५८९ वरून ७३,०९० वर आली, आणि त्या दहा वर्षांत घरं मात्र कमी झाली नव्हती.