'हौशी' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

मॅटॅडोर आणि टाटा 407 या जुन्या मालवाहू गाड्यांवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी भलीमोठी प्रतिक्रिया लिहिली आहे. तिचा सारांश असा: या गाड्यांचं कौतुक उगाच चाललंय, त्या नुसता धूर ओकायच्या, ब्रेकचा भरवसा नसायचा, आजच्या पिकअपपुढं त्या भंगार आहेत. आणि शेवटी हे वाक्य: 'ज्यांनी या गाड्या पोटासाठी चालवल्या त्यांना त्यांची आठवण येत नाही, ती येते तुमच्यासारख्या मागं बसून फिरलेल्या हौशी लोकांना.'

लेख आवडला नाही एवढंच लिहिलं असतं तर मी आभार मानून गप्प बसलो असतो. पण 'तुमच्यासारख्या' हा शब्द ज्या तोऱ्यात आलाय तो मला लागला. आपली ओळख नाही, पाळख नाही. माझ्या घरात कोण मागं बसत होतं आणि कोण स्टिअरिंगवर, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आता सांगतो. आमच्या आण्णांची मॅटॅडोर होती. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरायचे, गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकणात पोचवायचे आणि सीझनला देवगडचा आंबा घेऊन वर यायचं. माझी फी, बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, सगळं त्या गाडीनं केलं. लायसन्स निघाल्यावर मीही तिच्यावर बसलो, ते हौसेनं नव्हे. आण्णांची कंबर धरली होती आणि हप्ते थांबत नव्हते.

मागं बसून फिरलेल्या माणसाला एक गोष्ट कळणार नाही. मॅटॅडोरची ओढ पुढच्या चाकांवर, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळायची. जर्मनीच्या हॅनोमागच्या परवान्यावर बजाज टेम्पोनं ती आकुर्डीत बनवली, आणि त्या घराण्याची रचनाच तशी. सपाटीला याचा त्रास नाही. पण भरलेली गाडी घाट चढायला लागली की भार मागं सरकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या वळणावर जागच्या जागी फिरायला लागतात. मे महिन्यात वळीव पडून गेला की करूळच्या वळणांवर हे हमखास व्हायचं. म्हणून आण्णा पेट्या स्वतः उभं राहून रचून घ्यायचे, जड लॉट केबिनला चिकटून, हलका मागं. हमाल वैतागायचे, एकदा भरलेली गाडी पुन्हा उतरवायला लावली म्हणून भांडायचेसुद्धा. आण्णा ऐकायचे नाहीत. वळणाआधीच खालचा गिअर टाकायचा, मधे क्लच दाबायचा नाही, चाक फिरलं तर पाय सैल करायचा. इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे, त्यामुळं घाट संपेपर्यंत डावी पोटरी भाजून निघायची. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

आणि पोटासाठी चालवणाऱ्याला आठवण येत नाही म्हणता? गाडी विकल्यानंतरही कावळा नाक्यावर एखादी मॅटॅडोर दिसली की आण्णा थांबायचे. रंग बघायला नाही. खाली वाकून मागचे स्प्रिंगचे पाटे किती बसलेत ते बघायचे आणि ड्रायव्हरला दोन शब्द सुनवायचे, एवढा भार घालू नको म्हणून. ज्या यंत्रावर घर चाललं त्याची माया वेगळी असते. ती हौसेत मोजणं हा त्या माणसांचा अपमान आहे आणि तो तुम्ही केलाय. शिवाजी उद्यमनगरात आजही जुने मिस्त्री आहेत, त्यांच्यासमोर हे वाक्य बोलून दाखवा.

धूर व्हायचा, मान्य. थंडीच्या सकाळी हीटर देऊन गाडी चालू केली की गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे काढायच्या. यावर तुमच्याशी वाद नाही.

ब्रेकचं म्हणाल तर आजची गाडी जास्त सुरक्षित आहे, हे कोण नाकारतंय? माझ्या लेखात तसं एकही वाक्य नाही. मॅटॅडोर 1969 ची, 407 आली 1986 ला. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, 2005 मध्ये आला. मधल्या काळात या जिल्ह्याचा गूळ, दूध, ऊस तोडायला आलेल्यांची बिऱ्हाडं, जोतिबाच्या यात्रेची माणसं कशातून गेली? तेव्हा जे होतं त्याला आजच्या शोरूमची फूटपट्टी लावून 'भंगार' म्हणायचं, ही कुठली रीत? बाकी मुद्द्यांना उत्तर द्यावं असं त्यांत काही नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आहे तशी राहील. यापुढंही लिहा, गाड्यांच्या दोषांवर तर जरूर लिहा. 'हौशी' हा शब्द मात्र मागं घ्या. माझ्यासाठी नाही, आण्णांसाठी.