सुगम्य कार्यालय: नवीन साहेबांसाठी चार युक्त्या

कार्यालयप्रमुख झालात? अभिनंदन! आता दिव्यांग हक्क कायदा, 2016 नावाचं लचांड मागे लागेल. घाबरू नका. एका कार्यालयाने तो कसा कोळून प्यायलाय, ते मंगळवारी दादाला व्हीलचेअरवरून तिथे नेलं तेव्हा बघून आलोय.

आधी रॅम्प. उंचीच्या बारापट लांबी हवी म्हणतात. एवढी जागा काय सासऱ्याची आहे? पायऱ्यांवर सिमेंटची घसरगुंडी ओता, पिवळा पट्टा मारा, फोटो अहवालाला जोडा. मग पायथ्याशी स्वतःची मोटारसायकल लावा.

दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात जुन्या मतपेट्या छान मावतात.

कलम 23 प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. बदली होऊन गेलेल्याचं नाव फलकावर राहू द्या.

आणि दिव्यांग कक्ष दुसऱ्या मजल्यावरच हवा. लिफ्टवर 'बंद आहे' हा कागद लॅमिनेट करून लावा, दरवर्षी बदलायला नको. अर्जदार खाली बसलाय म्हटलं, तर 'सही समक्षच लागते' म्हणा. तुम्हीच खाली चला म्हटलं, तर 'रजिस्टर हलवता येत नाही'. रजिस्टर असेल दीड किलोचं. दादा बहात्तर किलोचा. पण हलवायचा दादाच! मी, चहावाला आणि सातबाऱ्यासाठी आलेला एक अनोळखी शेतकरी, तिघांनी खुर्चीसकट उचलला. एक्केचाळीस पायऱ्या. पहिल्या जिन्यावर दादा 'पालखी निघाली' म्हणून हसत होता. दुसऱ्यावर डोळे घट्ट मिटून, माझी कॉलर धरून बसला. आणि वर पोहोचलो तर क्लार्क जेवायला गेलेला! पावणेदोनला भडंग चघळत आला आणि म्हणतो, 'यांना कशाला आणलंत एवढं वर?'

कशाला आणलं? तूच म्हणालास ना समक्ष म्हणून!

बास झाली गंमत. नियम जून 2017 मध्ये आले. जुन्या सार्वजनिक इमारतींना 5 वर्षांची मुदत होती, ती 2022 मध्येच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेही बजावलं की सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचेच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. पहिल्या उल्लंघनाला दंड 10 हजारांपर्यंत, तेवढा तर तुमच्या 3 डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या, शाल-श्रीफळांवर उडतो. तेही पायऱ्यांच्या स्टेजवर! नको आम्हाला तुमची शाल. कक्ष तळमजल्यावर आणायला एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक कपाट खाली उतरवायचंय, त्याला कुठलं टेंडर लागतं? सांगा ना.

आणि ती मोटारसायकल काढा आधी.